दोनशे रुपयांची मापाची पिशवी आणि पेपरातली बातमी

बाळंतपणानंतर अंगावरून जाणारं रक्त मोजायची एक प्लास्टिकची पिशवी मिळते. सर्जिकलवाले तिला 'पीपीएच ड्रेप' म्हणतात (पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव), बिलावर कधी 'डिलिव्हरी ड्रेप विथ पाऊच' असं छापून येतं. आमच्या लेबर रूमच्या मावशींनी तिला 'मापाची पिशवी' म्हणायला सुरुवात केली आणि आता आमच्या डॉक्टर मॅडमही तेच म्हणतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी प्रसूतिगृहात लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर आहे. मिक्सरपासून मच्छरदाणीपर्यंत सगळ्याची परीक्षणं नेटवर मराठीत सापडतात, या पिशवीचं काही मला सापडलं नाही. म्हणून लिहिते.

दुसरं कारण बातम्यांचं. 'प्रसूतीनंतर विवाहितेचा मृत्यू, नातेवाइकांचा रुग्णालयात राडा' अशी बातमी कुठल्याही गावची असो, दुपारपर्यंत ती आमच्या वॉर्डातल्या प्रत्येकीच्या मोबाईलवर असते. दिवस भरलेली बाई ती वाचून येते आणि टेबलावर चढता चढता विचारते, "सिस्टर, माझं असं काही नाही ना व्हायचं?" त्या बातमीचा साचा ठरलेला असतो. बाई ठणठणीत होती, घरच्यांशी बोलली, बाळ सुखरूप, मग अचानक तब्येत खालावली, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं, वाटेतच गेली. पुढे हलगर्जीपणाचा आरोप आणि पोलीस ठाण्यात जमाव. किती रक्त गेलं, किती मिनिटांत गेलं, कुणी मोजत होतं का, एवढं मात्र नसतं. सगळी गोम तिथंच असते आणि ही पिशवी नेमकी तेवढंच सांगते.

आधी वस्तू कशी आहे ते बघू. पातळ, पारदर्शक प्लास्टिकची चादर असते. वरचं टोक बाईच्या कमरेखाली सरकवायचं, दोन्ही बाजूंचे बंद पोटावर आणून सैलसर बांधायचे. खालचं टोक टेबलाच्या कडेवरून नरसाळ्यासारखं निमुळतं होत लोंबतं आणि त्यावर मिलीलिटरच्या खुणा छापलेल्या असतात. चांगल्या पिशवीवर 300 आणि 500 ला ठळक रंगीत रेघ असते. निर्जंतुक पाकिटात येते, एकदा वापरून टाकायची. आमच्या सर्जिकलवाल्याकडून एक नग दोनशेच्या आतबाहेर पडतो, एकदम घेतल्या तर थोडा कमी.

लावायची एक खुबी आहे. पाणमोटीचं पाणी पिशवीत गेलं की आकडा फुगतो आणि उगाच धावपळ होते. म्हणून चादर आम्ही आधी सरकवून ठेवतो, पण नरसाळ्याची घडी घालून चिमटा लावतो. बाळ आलं, पाणी वाहून गेलं, की चिमटा काढायचा. पाकिटावरच्या चित्रात हे नाही, आम्ही बसवलेली पद्धत आहे.

आता ही नव्हती तेव्हा काय व्हायचं? नजरेनं अंदाज. मॉप म्हणजे रक्त टिपायचे बोळे किती भिजले, मॅकिन्टॉशवर म्हणजे खालच्या रबरी कापडावर किती साचलंय, किडनी ट्रे किती भरला, खालच्या बादलीत किती गेलं. त्यात लघवी मिसळलेली, पाणी मिसळलेलं, काही चादरीत मुरलेलं. कुठल्याही लेबर रूमचं जुनं रजिस्टर उघडून बघा, रक्तस्रावाच्या रकान्यात ओळीनं 200 मिली, 250 मिली. शंभर बायकांच्या अंगावरून एकसारखंच कसं जाईल? जगभर हाच अंदाजाचा कारभार होता आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे.

बेळगाव आमच्यापासून तास-दीड तासावर. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर 2002 ते 2005 या काळात आसपासच्या खेड्यांत एक अभ्यास केला. 1620 बायका, बाळंतपण करणाऱ्या एएनएम (खेड्यातल्या उपकेंद्रावरच्या) सिस्टर, आणि प्रश्न असा की मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भपिशवी आवळायला लावणाऱ्या, गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का. आता कमी झाला हे कळायला आधी तो मोजायला नको का? तर मोजायला अशीच खुणांची पिशवी वापरली. गोळ्यांनी 500 मिलीच्या वर जाणाऱ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं, ते 2006 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि गाजलं. त्याच मंडळींनी नजरेचा अंदाज आणि पिशवी यांचीही तुलना केली. नजर सुमारे एक तृतीयांशाने कमी सांगते, असं निघालं. म्हणजे सिस्टर 400 म्हणाली तर खरे 600 गेलेले असायचे. ही अक्कल परदेशातूनच आली असं समजणाऱ्यांसाठी मुद्दाम बेळगावचं सांगितलं.

बातमीतल्या 'अचानक'कडे वळते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला टाका नसतो, औषधाचा लेप नसतो. गर्भपिशवीचा स्नायू आवळतो आणि त्या आवळण्यानंच वाहिन्या पिळून बंद होतात. स्नायू ढिला राहिला की रक्त जातच राहतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावांपैकी साधारण सत्तर टक्क्यांचं कारण हेच. बाकी कारणं म्हणजे वाट फाटलेली असणं, वारेचा तुकडा आत राहणं, नाहीतर रक्त गोठण्यात बिघाड.

त्यात गरोदरपणात बाईच्या अंगात रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. निसर्गानं दिलेली ही शिल्लक फसवी ठरते. बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकून राहतं, बाई बोलते, बाळाचं वजन विचारते, चहा मागते. वाढते ती आधी पल्स. बीपी कोसळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि नातेवाइकांना तेवढंच दिसतं. 'आत्ता तर बोलत होती' हे त्यांचं वाक्य अगदी खरं असतं. त्यातून अंगात रक्तच कमी असेल तर बघायलाच नको. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या होत्या. बाराचं हिमोग्लोबिन असलेली बाई जे 700 मिली सोसून घेते, ते सातवालीला झेपत नाही. लोहाच्या गोळ्या माळ्यावर टाकून देणारं घर आणि लेबर रूमच्या दारात ओरडणारं घर पुष्कळदा एकच असतं. कडू लागेल, पण आहे.

पिशवी प्रत्यक्षात काय करते ते एका रात्रीवरून सांगते. दुसरटकरीण होती, हिमोग्लोबिन साडेआठ, बाळ चांगलं साडेतीन किलोचं. बाळ रडलं, बाहेर सासऱ्यांनी पेढ्याचा बॉक्स उघडला. नेमाप्रमाणे मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भपिशवी आवळायला लावणाऱ्या औषधाचं, 10 युनिटचं इंजेक्शन दिलं, वार पडली, पूर्ण आली. मी चिमटा काढलेला होताच. मॅडम टाके बघत होत्या. समोर काही भयंकर दिसत नव्हतं, धार नाही, चिळकांडी नाही, नुसतं संथ येतंय. बाई विचारतेय, "कुणावर गेलंय हो सिस्टर?" बीपी 118 वर 76. कागदावर सगळं उत्तम. पण पिशवीत 300 ची रेघ बुडाली होती आणि पल्स होती 114.

आमच्याकडे ठरलेलं आहे, 300 ची रेघ ओलांडली आणि पल्स किंवा बीपी बिघडलेलं असलं की विचारत बसायचं नाही. मी "मॅडम, तीनशे" एवढंच म्हटलं. एकीनं पोटावरून गर्भपिशवी चोळायला घेतली, ती हाताला कणकेच्या गोळ्यासारखी लागत होती, कडक लागायला हवी. दुसरीनं सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन लावलं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं औषध, एक ग्रॅम शिरेतून हळूहळू. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तर मूत्राशय तुडुंब. ते भरलेलं असलं की गर्भपिशवी आवळत नाही, हे नवीन मुली हमखास विसरतात. मॅडमनी लाइट ओढून आतून तपासलं, कुठं फाटलेलं नव्हतं. पोटावरचा हात सोडला नाही. 620 वर आकडा थांबला. पुढचे दोन तास पंधरा-पंधरा मिनिटांनी पल्स, बीपी, पोट. सकाळी मॅडमनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सगळं सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "रात्री तर काहीच बोलला नाहीत." रात्री बोलायला हात मोकळे नव्हते. अशी रात्र पेपरात येत नाही, यायचं कारणही नाही.

आता कौतुक आवरून. पिशवी एकटी काही करत नाही. युरोपातल्या 13 देशांत मोठा अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापला. काही दवाखान्यांना रक्त मोजायची पिशवी दिली, काहींनी नजरेनंच चालवलं. गंभीर रक्तस्रावात म्हणावा असा फरक पडला नाही. माप आलं, पण मापावर काय करायचं ते बांधून दिलेलं नव्हतं. मग 2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली 80 रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं. पिशवी तीच, पण रेघ ओलांडली की चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाईन आणि तपासणी, सगळं एका दमात. एक संपलं की दुसरं असं नाही, सगळं एकदम. एरवी जवळपास निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखलेच जात नव्हते, तिथं 93 टक्के ओळखले गेले. लिटरभर किंवा जास्त रक्त जाणं, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही 500 ची वाट न बघता, 300 गेलं आणि पल्स-बीपी बिघडलं की उपचार सुरू करा, असं सांगितलं. तेव्हा नुसती पिशवी घेऊन भिंतीवर फोटो लावणार असाल तर पैसे वाचवा.

घाई कशासाठी, तेही सांगते. ट्रॅनेक्सॅमिकचा उपयोग बाळंतपणानंतर तीन तासांतच होतो आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिरानं फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. तीन तासांची गोष्ट वीस-एक हजार बायकांवरच्या 2017 मधल्या अभ्यासातून निघाली, पंधरा मिनिटांची त्यात अपघातातल्या रुग्णांचा अभ्यास मिळवून केलेल्या हिशेबातून. ऑक्सिटोसिनला फ्रिज लागतो, 2 ते 8 अंश. उन्हाळ्यात तालुक्याच्या गावात लाइट किती तास असते ते मी वेगळं सांगायला नको. फ्रिजला इन्व्हर्टर नसेल तर पिशवी बरोबर आकडा दाखवेल आणि इंजेक्शन निकामी निघेल. (हेच औषध म्हशी पान्हवायला गोठ्यात चोरून वापरतात, म्हणून त्याच्यावर सरकारची करडी नजर. 2018 मध्ये तर खासगी कंपन्यांनी ते बनवूच नये असा आदेश निघाला होता, दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. नाहीतर आमची पंचाईत होती.)

बातम्यांतल्या आणखी दोन ठरलेल्या ओळी. एक, 'न विचारता गर्भपिशवी काढून टाकली'. तिथपर्यंत जायच्या आधी पायऱ्या असतात. औषधं, मग आतून फुगा, मग टाके घालून गर्भपिशवी आवळणं, रक्तवाहिन्या बांधणं. फुगा म्हणजे काय, तर कॅथेटरला कंडोम बांधून त्यात सलाईन भरायचं, आतून दाब बसतो. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ही युक्ती काढली, महागडे फुगे परवडेनात म्हणून. याचीही 'बाळंतिणीच्या पोटात निघाला कंडोम' अशी बातमी होऊ शकते, हे ओळखून आम्ही नातेवाइकांना फुगा काढायच्या आधीच सांगून ठेवतो. सगळं करूनही रक्त थांबलं नाही तर गर्भपिशवी काढतात, जीव वाचवायला. त्या वेळी सहीसाठी पेन शोधायलाही माणूस मिळत नाही.

दुसरी ओळ, 'रक्त वेळेत मिळालं नाही'. हे मात्र बऱ्याचदा खरं असतं. तालुक्याला रक्तपेढी नसते, असलीच तर साठवण केंद्र, आणि त्यात हवा तो गट असेलच असं नाही. जास्त रक्त गेलं की गोठवणारी द्रव्यंही निघून जातात. आम्ही अशा वेळी दोन मिली रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन मुठीत धरून ठेवतो. चार मिनिटांनी नळी कलती करून बघायची. सात मिनिटांनंतरही पाण्यासारखं हललं तर आतलं गणित बिघडलंय, गाडी आधी काढा. पिशवीचा फायदा इथं पुन्हा दिसतो. पुढच्या दवाखान्याला फोनवर 'खूप जातंय' असं न सांगता '20 मिनिटांत 800, पल्स 130' असं सांगता येतं, आणि तिकडचे लोक रक्त काढून तयार ठेवतात.

मार्च 2022 ची एक गोष्ट लिहायलाच हवी. राजस्थानात दौसा जिल्ह्यातल्या लालसोटला एका खासगी दवाखान्यात बाळंतीण रक्तस्रावानं गेली. बाहेर जमाव बसला, आणि पोलिसांनी डॉक्टरबाईंवर खुनाचं कलम लावलं. खुनाचं. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरबाईंनी जीव दिला. डॉक्टरवर फौजदारी करण्याआधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच सांगून ठेवलंय. ते तिथं कुणाला आठवलं नाही. माझं म्हणणं असं नाही की हलगर्जीपणा नसतोच. असतो. बाळंतीण एकटी सोडून जेवायला गेलेले लोक असतात. पण ते शोधायचं कसं? किती वाजता 300 ओलांडलं, किती वाजता औषध गेलं, किती वाजता गाडी निघाली. आकडा आणि वेळ लिहिलेली असेल तर निष्काळजी माणूस सापडतो आणि झटणारा सुटतो. महाराष्ट्रात 2018 ते 20 च्या नोंदींप्रमाणे लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, देशात 97. आपल्याकडचा आकडा देशात चांगल्यांतला आहे, तो जमावानं खाली आणलेला नाही.

आता वस्तूच्या खोड्या. आम्ही तीन कंपन्यांचा माल वापरला, नावं लिहीत नाही. एकीच्या खुणा हाताचं ग्लोव्हज ओलं असलं की पुसट व्हायच्या. एकीचे बंद इतके आखूड की जाड बाईला पोटावर पोचायचेच नाहीत, मावशींनी गॉजपट्टी जोडून भागवलं. प्लास्टिक उन्हाळ्यात पाठीला चिकटतं, बाई वैतागते, तिला आधी सांगावं लागतं. टेबल खाली असलं तर नरसाळं जमिनीला टेकून दुमडतं आणि आकडा चुकतो, टेबल वर घ्यायचं नाहीतर स्टूलवर बसून डोळ्याच्या रेषेत वाचायचं. सिझेरियनला ही पिशवी कामाची नाही, तिथं सक्शनच्या बाटलीचं आणि मॉपच्या वजनाचं गणित वेगळं. आणि आतल्या आत साचणारं रक्त तिला दिसत नाही. पिशवी कोरडी, पण पोट वर चढतंय, पल्स पळतेय, तर हात पोटावर हवा. शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे एक प्लास्टिक कचऱ्यात, ते मला खुपतं, पण याला धुऊन वापरायचा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही.

काही ठिकाणी मालक म्हणतात, ज्यांना धोका आहे त्यांनाच लावू. ते चालत नाही. ज्यांच्या अंगावर जास्त जातं त्यांतल्या पुष्कळजणींना आधी काहीच धोका दिसत नसतो. लावायची तर सगळ्यांना. बिलात वेगळी ओळ टाकू नका, टाकलीत तर नातेवाईक विचारतील 'हे कसलं प्लास्टिक' आणि पहिली काट तिथंच बसेल.

गरोदर बाईच्या घरच्यांनी दवाखाना निवडताना एसी रूम आणि कॅन्टीन जरूर बघावं. जाता जाता सिस्टरला एवढं विचारा, बाळंतपणानंतर रक्त मोजता का, आणि कशानं. उत्तर द्यायला ती किती वेळ घेते ते बघा.

घेणाऱ्यांसाठी: पाकीट फोडून एक नमुना आधी बघा. बंद लांब हवेत, खुणा आतून नाही तर बाहेरून छापलेल्या हव्यात, 300 ची रेघ स्वतंत्र रंगात हवी. नुसत्या 500 च्या रेघेचा माल अजून बाजारात आहे. आमच्या सर्जिकलवाल्याला मी सांगून ठेवलंय, तसला बॉक्स आला तर टेम्पोतून उतरवायचाच नाही.